काचेच्या घरातली कचेरी

बुडापेस्टच्या मेट्रोची निळी लाइन पकडून आरान्य यानोश स्थानकावर उतरलं, की वादास उत्सा हाकेच्या अंतरावर आहे. पर्यटकांची झुंबड असते ती संसदेकडे आणि सेंट स्टीफनच्या चर्चकडे. या अरुंद रस्त्यावर मात्र वकिलांची, व्यापाऱ्यांची कार्यालयं आहेत आणि दुपारी जेवायला बाहेर पडलेले नोकरदार. इथल्या 29 क्रमांकाच्या इमारतीला आजही 'काचेचं घर' म्हणतात. लायोश कोझ्मा या वास्तुशिल्पकाराने 1930च्या दशकात ती आर्थर वाइस या काचेच्या व्यापाऱ्यासाठी बांधली. गिऱ्हाइकाने आत यावं, भिंती, जिने, दारं पाहावीत आणि हवी ती काच निवडावी, अशी ती कल्पना. थोडक्यात, इमारत हाच दुकानाचा नमुनासंच. मूळ काचकाम आता फारसं उरलेलं नाही. आत एक छोटं संग्रहालय आहे. ते भराभर पाहून निघायचं तर अर्धा तास पुरतो. समजून घ्यायचं ठरवलं तर शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालावं लागतं.

1944च्या जुलैअखेर या दारावर पाटी लागली, ती स्वित्झर्लंडच्या वकिलातीची: परकीय हितसंबंध विभाग, स्थलांतर खातं. पाटी लागली आणि दारापुढे रांग लागली. रांग इतकी लांब, की ती रस्त्याच्या टोकापर्यंत जाई. त्या गर्दीची छायाचित्रं आज उपलब्ध आहेत, आणि त्या काळाशी ज्यांचं नाव जोडलं गेलं ते उपवाणिज्यदूत कार्ल लुट्झ हे स्वतःच हौशी छायाचित्रकार होते. बॉम्बगोळ्यांच्या वर्षावातही या माणसाचा कॅमेरा सुटला नाही.

लुट्झ यांचं आधीचं आयुष्य पाहिलं तर पुढच्या घटनांची चाहूल कुठेच लागत नाही. जन्म 1895चा, आप्पेन्झेल भागातल्या वाल्झेनहाउझेन या डोंगरगावातला. घर मेथडिस्ट पंथाचं, भावंडं दहा. अठराव्या वर्षी पोटापाण्यासाठी अमेरिका गाठली, इलिनॉयमध्ये कारखान्यात राबले, मिझुरीतल्या एका कॉलेजात शिकले. मग वॉशिंग्टनच्या स्विस वकिलातीत चिकटले, आणि पुढे फिलाडेल्फिया, सेंट लुइस अशा कचेऱ्यांत बरीच वर्षं काढली. लाजरे, चष्माधारी, नेटकं काम करणारे आणि बढती रखडलेले गृहस्थ. परराष्ट्र खात्यात असे अधिकारी प्रत्येक देशाकडे असतात आणि त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही.

1935मध्ये गेर्ट्रूड फांकहाउझर यांच्याशी लग्न झालं आणि नेमणूक झाली जाफाला, म्हणजे ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पॅलेस्टाइनमध्ये. इथे त्यांच्या हातून एक काम झालं, ज्याचा उपयोग कुठे होईल हे त्या वेळी कोणालाच सांगता आलं नसतं. 1939मध्ये युद्ध पेटलं, ब्रिटिशांनी तिथल्या जर्मन रहिवाशांना स्थानबद्ध केलं, आणि जर्मनीच्या वतीने त्यांची विचारपूस करण्याचं काम स्विस कचेरीतल्या लुट्झ यांच्याकडे आलं. ते त्यांनी मन लावून केलं. पाच वर्षांनी बुडापेस्टमध्ये नाझी अधिकाऱ्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसताना हीच त्यांची पुण्याई होती.

वादास उत्सावरून पश्चिमेला दोन-तीन गल्ल्या ओलांडल्या की सबादशाग तेर, म्हणजे स्वातंत्र्य चौक, लागतो. चौकाच्या कडेला कुंपण आणि सशस्त्र पहाऱ्यातली जी इमारत आहे, ती अमेरिकेची वकिलात. हंगेरीने डिसेंबर 1941मध्ये अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं, ब्रिटनशीही त्याच वर्षी बिनसलं. मुत्सद्दी मायदेशी गेले. पण त्यांच्या इमारती, मागे राहिलेले नागरिक, कागदपत्रं यांचं काय? अशा वेळी तटस्थ देश मध्ये उभा राहतो. दोन्ही बाजूंना मान्य असलेला हा देश गैरहजर देशाचा कारभार सांभाळतो. स्वित्झर्लंडचा यात हातखंडा होता. जानेवारी 1942मध्ये लुट्झ बुडापेस्टला आले आणि अमेरिका, ब्रिटन यांच्यासह डझनभराहून अधिक देशांचे हितसंबंध त्यांच्या टेबलावर आले. त्यांची कचेरी होती याच अमेरिकन इमारतीत. ब्रिटनचे हितसंबंध म्हटलं की कागदोपत्री साम्राज्याची सगळी प्रजा आली, म्हणजे हंगेरीत एखादा हिंदुस्थानी अडकला असता तर त्यालाही दाद मागायला लुट्झ यांच्याकडेच जावं लागलं असतं.

पॅलेस्टाइन ब्रिटिशांकडे, आणि ब्रिटिशांचं काम लुट्झ यांच्याकडे. त्यामुळे पॅलेस्टाइनला जाण्याचे परवानेही ओघाने त्यांच्याच हातात आले. ज्यू एजन्सीच्या बुडापेस्ट शाखेचे मिक्लोश क्राउस यांच्याबरोबर काम करून त्यांनी 1944च्या मार्चपर्यंत हजारो ज्यूंना, त्यातही मुलांना, देशाबाहेर पाठवलं. सगळं कायद्यात बसणारं, शांतपणे चाललेलं काम.

आजच्या स्वातंत्र्य चौकात इतक्या परस्परविरोधी आठवणी एकत्र उभ्या आहेत, की एखाद्याला हसू यावं. उत्तर भागात सोव्हिएत सैन्याचं स्मारक, थोड्या अंतरावर रोनाल्ड रेगन यांचा पुतळा. अमेरिकन वकिलातीत कार्डिनल मिंड्सेंटी यांनी 1956पासून पंधरा वर्षं आसरा घेतला होता. चौकाच्या दक्षिण टोकाला 2014मध्ये सरकारने जर्मन कब्जाचं स्मारक उभारलं: हंगेरी म्हणजे निष्पाप देवदूत, जर्मनी म्हणजे झडप घालणारा गरुड. लोक संतापले. पोलीस, रेल्वे, सरकारी यंत्रणा तर हंगेरीचीच होती, मग निष्पाप कोण? म्हणून त्या स्मारकासमोरच माणसांनी घरातल्या वस्तू आणून मांडल्या आहेत: चष्मे, सुटकेस, पत्रं, फोटो, दगड. सरकारी शिल्पापेक्षा ही रांगच जास्त लोक थांबून वाचतात, आणि ते योग्यच आहे. लुट्झ यांची आठवण ठेवणारी खूणही याच चौकात, वकिलातीजवळ आहे. ती शोधावी लागते.

19 मार्च 1944 रोजी जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या. पाठोपाठ ज्यूंच्या हद्दपारीची सूत्रं सांभाळणारा नाझी अधिकारी आइखमन आला. मेच्या मध्यापासून 9 जुलैपर्यंत, म्हणजे आठ आठवड्यांच्या आत, राजधानीबाहेरच्या सुमारे 4,37,000 ज्यूंना गाड्यांत कोंबून देशाबाहेर नेण्यात आलं, बहुतेकांना आउशविट्झला. आउशविट्झमधून निसटलेल्या दोन कैद्यांचा अहवाल क्राउस यांनी जूनमध्ये स्वित्झर्लंडला धाडला. तिथल्या वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. परदेशांतून दबाव आला आणि जुलैच्या सुरुवातीला हंगेरीचे सर्वाधिकारी हॉर्ती यांनी गाड्या थांबवल्या. बुडापेस्टमधले दोन लाखांच्या आसपास ज्यू तेवढ्यापुरते वाचले. किती दिवस, हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

लुट्झ यांची खरी करामत या टप्प्यावर सुरू होते, आणि ती कारकुनी स्वरूपाची आहे. पॅलेस्टाइनला जाण्यासाठी सुमारे 8,000 जणांना परवानगी द्यायला हंगेरीचं सरकार राजी झालं होतं, जर्मनांचीही त्याला नाखुशीने, अटींसह संमती होती. लुट्झ यांनी या 8,000चा अर्थ '8,000 कुटुंबं' असा लावला. एका रेशनकार्डावर घरातली सगळी माणसं यावीत तसं. मग त्यांनी सामुदायिक पासपोर्ट तयार केले, त्यात नावांच्या याद्या घातल्या, आणि यादीतल्या प्रत्येकाला स्वतंत्र संरक्षणपत्र दिलं. पत्रातला मजकूर अगदी रुक्ष: या व्यक्तीचं नाव स्विस सामुदायिक पासपोर्टात आहे, सबब तिच्याकडे वैध पासपोर्ट असल्याचं समजावं. खाली सही, शिक्का.

खोच पुढे आहे. पत्रांवरचे क्रमांक 1 ते 8,000 याच मर्यादेत ठेवले जात. संपले की पुन्हा एकपासून. एखाद्या शिपायाने पत्र तपासलं तर आकडा ठरलेल्या हद्दीत दिसे. दोन माणसांकडे एकच क्रमांक आहे हे कळायला दोघांची पत्रं शेजारी ठेवावी लागतील, आणि तेवढी सवड रस्त्यावरच्या गस्तीला कुठून? प्रत्यक्षात मान्य संख्येच्या कित्येक पटींनी पत्रं निघाली. त्यांत काही थेट बनावट होती. ज्यू तरुणांच्या भूमिगत गटांनी शिक्के तयार केले, कागद छापले, रात्रीतून वाटले. लुट्झ यांना हे ठाऊक होतं.

पॅलेस्टाइनला कोणी गेलं का? नाही. जर्मनांनी ती गाडी कधीच सुटू दिली नाही. ज्या प्रवासाच्या नावाखाली हा सगळा पसारा उभा राहिला तो प्रवास झालाच नाही. प्रवासाची तयारी हाच बचाव ठरला.

काचेच्या घरात सुरुवातीला कारकून, टंकलेखक, अर्ज भरून घेणारे अशी माणसं कामाला होती. ऑक्टोबरनंतर तेच लोक तिथेच राहू लागले, मग त्यांचे नातेवाईक आले, मग ज्यांना कुठेच थारा नव्हता ते सगळे. तळघर, पोटमाळा, काचेच्या पेट्या ठेवायची गोदामं, सगळं भरलं. शेजारची हंगेरियन फुटबॉल संघटनेची इमारतही वापरात आली. सुमारे 3,000 माणसं इथे दाटीवाटीने राहिली. शौचालयं मोजकी, पाण्याची टंचाई, उवांचा सुळसुळाट, आणि त्यातही मुलांसाठी वर्ग, प्रार्थना, आजाऱ्यांसाठी कोपरा. भूमिगत तरुणांचं मुख्य ठाणंही हेच. कायदेशीर खातं वरच्या मजल्यावर, बेकायदेशीर खातं त्याच्याच पोटात.

इथून उत्तरेला, मार्गारेट पुलाच्या पलीकडे उयलिपोतवारोश नावाची वस्ती आहे. 1930च्या दशकातल्या गोलाकार बाल्कन्यांची घरं, पोझोनी रस्त्यावरची पुस्तकांची आणि केकची दुकानं, डॅन्यूबच्या काठावर सेंट इश्तवान पार्क. बुडापेस्टमध्ये राहायची वेळ आली तर इथेच राहावं असं वाटायला लावणारा भाग. नोव्हेंबर 1944मध्ये हाच 'आंतरराष्ट्रीय घेट्टो' होता. तटस्थ देशांनी इमारती आपल्या छत्राखाली घेतल्या, दारांवर त्या त्या देशाची खूण लावली. लुट्झ यांच्या छत्राखाली 76 घरं होती. दोन खोल्यांच्या घरात चाळीस-पन्नास माणसं, जिन्याच्या पायऱ्यांवर झोपलेली कुटुंबं.

या कामात ते एकटे नव्हते. स्वीडनचे राउल वॉलेनबर्ग 9 जुलैला आले तेव्हा लुट्झ यांची पत्रांची पद्धत रुळत होती. वॉलेनबर्ग यांनी तीच स्वीडनच्या रंगात अधिक झोकात चालवली. रेड क्रॉसचे फ्रीडरिश बॉर्न, पोपचे प्रतिनिधी आन्जेलो रोत्ता, स्पेनचे आन्खेल सांथ ब्रिझ हेही होते. ब्रिझ शहर सोडून गेल्यावर तर जोर्जो पेर्लास्का या इटालियन व्यापाऱ्याने आपणच स्पेनचे नवे वाणिज्यदूत असल्याची थाप मारली आणि ती शेवटपर्यंत निभावली. वॉलेनबर्ग यांना जानेवारी 1945मध्ये सोव्हिएत सैन्य घेऊन गेलं आणि ते परत आले नाहीत. त्यांच्या नावाभोवती जग जमलं यात नवल नाही. सेंट इश्तवान पार्कात त्यांच्या सन्मानार्थ उभारलेला पुतळा 1949मध्ये अनावरणाच्या तोंडावर गायब करण्यात आला होता. त्याची प्रतिकृती पन्नास वर्षांनी जागेवर आली. लुट्झ मात्र जिवंत घरी परतले, पेन्शनीत गेले. जिवंत राहिलेल्या कारकुनाची दंतकथा होत नाही.

15 ऑक्टोबर 1944ला हॉर्ती यांना हटवून फेरेन्त्स सालाशी याच्या नाझीधार्जिण्या ॲरो क्रॉस पक्षाच्या हाती सत्ता गेली. आता कागदाची किंमत दाराशी आलेल्या बंदूकधारी पोराच्या मर्जीवर ठरू लागली. नोव्हेंबरमध्ये हजारो ज्यूंना पायी ऑस्ट्रियाच्या सीमेकडे हाकलण्यात आलं. ते हाकलण्याआधी माणसं गोळा करण्याची एक जागा ओबुदामध्ये, बेची रस्त्यावरच्या वीटभट्टीत होती. व्हिएन्नाकडे जाणारा तोच जुना रस्ता. आज तिथून बस सुसाट निघून जातात.

या वीटभट्टीत लुट्झ दांपत्यावर जी वेळ आली, तिच्याबद्दल वाचताना पान उलटायचा हात अडखळतो. बनावट पत्रांचा सुळसुळाट अधिकाऱ्यांच्या लक्षात आला होता. खरी कोणती आणि खोटी कोणती, हे लुट्झ यांनीच निवडून द्यावं, नाहीतर सगळीच पत्रं रद्द, असा पेच टाकण्यात आला. कार्ल आणि गेर्ट्रूड तिथे तासन् तास उभे राहिले. समोर रांगेत माणसं, हातात कागद, आणि प्रत्येक कागदावर होय किंवा नाही. खोट्या पत्राला होय म्हटलं तर हजारोंची पत्रं धोक्यात. नाही म्हटलं तर समोरचा माणूस सीमेकडच्या पायपिटीत. पुढे आयुष्यभर लुट्झ यांना ही आठवण छळत राहिली. त्यांच्यावरच्या गौरवपर लिखाणात हा प्रसंग अनेकदा ओझरता येतो. खरं तर त्यांच्या कामाचं मर्म तिथेच आहे: ज्या कागदाने जीव वाचवले, त्याच कागदाने निवडही करायला लावली.

डॅन्यूबच्या पेश्त बाजूने क्रमांक दोनची ट्राम जाते. शहर पाहायचं तर याहून स्वस्त आणि सुंदर मार्ग नाही. संसदेजवळ उतरलं की काठावर लोखंडी बुटांच्या साठ जोड्या दिसतात. 1944-45च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉसवाल्यांनी माणसांना इथे, बूट काढायला लावून, गोळ्या घालून नदीत ढकललं. 2005मध्ये जुला पाउएर आणि जान तोगाय यांनी हे स्मारक केलं. या काठालगतच्या खालच्या रस्त्यांच्या तुकड्यांना आता त्या काळच्या मदतकर्त्यांची नावं आहेत. वॉलेनबर्ग, बॉर्न, रोत्ता आहेत, स्कॉटिश मिशनरी जेन हेनिंग आहेत, आणि लुट्झही. गाड्या तिथून इतक्या वेगाने जातात, की पाटी वाचायची संधी फक्त वाहतूक खोळंबल्यावरच मिळते.

31 डिसेंबर 1944ला ॲरो क्रॉसच्या टोळीने काचेच्या घरावरच हल्ला केला. गोळीबारात माणसं गेली. आणखी मोठा संहार टळला तो हंगेरीच्याच लष्करी-पोलिसी हस्तक्षेपामुळे. लगोलग इमारतीचे मालक आर्थर वाइस यांना बाहेर नेण्यात आलं. ते परतले नाहीत.

लुट्झ तेव्हा नदीच्या पलीकडे होते. ख्रिसमसच्या सुमारास सोव्हिएत सैन्याने शहराला वेढा घातला आणि ते बुडा टेकडीवर अडकले. 16 क्रमांकाच्या बसने किंवा चढ चढून किल्ल्याच्या वस्तीत गेलं, की तांचिच मिहाय रस्त्याच्या सुरुवातीला जुन्या ब्रिटिश वकिलातीची जागा येते. तिचाही ताबा लुट्झ यांच्याकडे होता, राहणंही तिथेच. तिच्या तळघरात तीसेक माणसांनी आठवड्यांमागून आठवडे काढले. वर इमारत बॉम्बने उद्ध्वस्त झाली. पेश्त बाजूचं काम पेटर झ्युरखर आणि एर्न्स्ट फोनरूफ्स या दोन स्विस नागरिकांनी पुढे रेटलं. पेश्त जानेवारीच्या मध्यात मोकळं झालं, बुडा 13 फेब्रुवारीला.

तळघरात ॲग्नेस नावाची एक मुलगी होती. सातवा वाढदिवस तिने तिथेच, अंधारात काढला. ती जन्मली होती लंडनमध्ये, म्हणून कागदोपत्री ब्रिटिश. तेवढ्या आधारावर तिची आई माग्दा ब्रिटिशांचं काम पाहणाऱ्या लुट्झ यांच्याकडे दाद मागायला गेली होती, आणि त्यांनी तिला घरकाम सांभाळायला ठेवून घेतलं. युद्धानंतर लुट्झ आणि गेर्ट्रूड वेगळे झाले आणि माग्दा त्यांची दुसरी पत्नी झाली. वीटभट्टीपासून तळघरापर्यंत बरोबरीने राबलेल्या गेर्ट्रूड यांनी पुढे युनिसेफसाठी अनेक वर्षं काम केलं. त्यांचं नाव बहुतेक स्मारकांवर नाही.

1945च्या वसंतात लुट्झ रुमानिया, तुर्कस्तान अशा वळशाने मायदेशी पोहोचले. हारतुरे सोडा, स्वागतालाही कोणी नव्हतं. उलट चौकशी झाली आणि अधिकाराबाहेर जाऊन काम केल्याबद्दल समज मिळाली. तटस्थतेची घडी विस्कटू नये, ही बर्नची चिंता होती. नोकरशहाच्या नजरेतून पाहिलं तर ती अगदीच चुकीचीही नव्हती: 8,000 परवान्यांच्या जागी किती वाटले, हे त्यांनी कुठे विचारलं होतं? पुढची नोकरी ऑस्ट्रियातल्या ब्रेगेन्झ इथल्या वाणिज्य दूतावासात झाली, निवृत्ती 1961मध्ये. इस्रायलच्या याद वाशेम या स्मृतिसंस्थेने 1964मध्ये त्यांचा गौरव केला, असा मान मिळवणारे ते पहिले स्विस; गेर्ट्रूड यांचा गौरव त्यानंतर झाला. 1975मध्ये बर्नमध्ये लुट्झ वारले. बुडापेस्टच्या डोब उत्सावर, जुन्या घेट्टोच्या तोंडाशी, त्यांचं स्मारक 1991मध्ये लागलं: भिंतीतून आडवी झेपावलेली सोनेरी आकृती, खाली जमिनीवर पडलेलं माणूस. आजूबाजूला आता बारची गर्दी असते. बर्नच्या संघीय कार्यालयात एका खोलीला त्यांचं नाव मिळायला 2018 उजाडलं.

त्यांनी किती जीव वाचवले? सर्रास दिला जाणारा आकडा 62,000चा आहे. एकाच माणसाकडे कधी स्विस आणि स्वीडिश अशी दोन्ही पत्रं असत, कधी पत्र खोटं पण घर खरं असे. त्यामुळे एकेकट्या मुत्सद्द्याच्या खात्यावर असे आकडे मांडणं इतिहासकारांनाही अवघड जातं. ॲग्नेस हिर्शी, तळघरातली तीच मुलगी, पुढे स्वित्झर्लंडमध्ये पत्रकार झाल्या. त्यांनी आकड्यांचा नाद सोडून माणसं शोधली. त्या पत्रांवर आणि त्या घरांत जगलेल्यांच्या आठवणी त्यांनी शार्लोट शाल्ये यांच्या साथीने गोळा केल्या, आणि 2017मध्ये त्याचं पुस्तक निघालं. वादास उत्सावरचं संग्रहालय पाहायला जाणाऱ्याने ते आधी वाचलं, तर भिंतीवरच्या रांगेच्या फोटोतले चेहरे अनोळखी राहत नाहीत.